संघ एप्रिलमध्येच गडगडलाय? वाद घालताना या चुका टाळा

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत हरणाऱ्या प्रत्येक संघाच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, संपलं सगळं, मॅनेजरला घरी पाठवा. दुसरा म्हणतो, अजून दीडशे सामने बाकी आहेत, घाबरताय कशाला? न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्येही न्यूयॉर्कच्या मेट्स आणि यँकीज या संघांवरून हे वाद तावातावाने होतात. दोन्ही बाजूंची तळमळ खरी असते. पण दोघेही दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ करतात. संघ मुळात किती चांगला आहे, हा एक प्रश्न. संघाने आतापर्यंत किती सामने घालवले आहेत, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एप्रिलमध्ये फारच धूसर असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र आकड्यांत समोर असतं आणि ते पुसता येत नाही. पुढच्या बहुतेक चुका या गोंधळातूनच होतात.

दहा-पंधरा सामन्यांवर निकाल देणे

आयपीएल बघत मोठ्या झालेल्या माणसाकडून ही चूक हमखास होते. तिथे साखळीत एका संघाचे १४ सामने असतात, इथे १६२. म्हणजे आयपीएलमधला एक पराभव इथल्या साडेअकरा पराभवांइतका जड. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरले आणि तरी विजेते झाले. त्याच प्रमाणात बेसबॉलचा संघ हरायचा तर त्याला सलग शेहेचाळीस सामने हरावे लागतील. तेव्हा ‘आपण चार सामने हरलो’ या वाक्याचं वजन दोन्ही खेळांत एक नाही.

बेसबॉलमध्ये उत्तम संघही खूप हरतो. २००१ च्या सिअ‍ॅटल मरिनर्सनी ११६ सामने जिंकले, तरीही ४६ गमावलेच. उलट २०२४ चा शिकागो व्हाइट सॉक्स १२१ पराभवांपर्यंत घसरला, पण त्यानेही ४१ वेळा समोरच्याला हरवलं. सर्वोत्तम आणि सर्वात वाईट यांच्यातलं अंतर रोजच्या सामन्यात फार कमी दिसतं, म्हणूनच हंगाम इतका लांब असतो.

साधा हिशेब करून बघा. एखादा संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी. असा संघ पहिल्या ३० सामन्यांत १२ किंवा त्याहून कमी विजय मिळवेल, याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. लीगमध्ये ३० संघ आहेत. ते सगळे अगदी सारख्या ताकदीचे असते, तरी एप्रिलअखेर त्यातले पाच-सहा १२-१८ (१२ विजय, १८ पराभव) किंवा त्याहून वाईट स्थितीत दिसले असते, आणि त्या पाच-सहा शहरांत ‘या संघात दमच नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं गेलं असतं.

‘अजून खूप सामने आहेत’ म्हणून हिशेबच न करणे

आशावादी तटाची ही चूक मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती समजूतदारपणासारखी दिसते. संघ चांगला असेल तर तो पुढे चांगला खेळेल, हे खरं. पण हरलेले सामने भरून निघतीलच, हे त्यातून निघत नाही. नाणं पाच वेळा छापा पडलं म्हणून पुढचे पाच काटे पडत नाहीत. तसंच संघाचे विजय कुठे ‘शिल्लक’ राहिलेले नसतात.

समजा, हंगामाआधी तुमच्या संघाकडून ९० विजयांची अपेक्षा होती आणि सुरुवात १०-२० झाली. आता ९० गाठायचे तर उरलेल्या १३२ पैकी ८० जिंकावे लागतील. हा वेग पूर्ण हंगामाला लावला तर ९८ विजयांचा होतो. संघ तुमच्या मूळ अपेक्षेइतकाच चांगला निघाला, तरी उरलेल्या सामन्यांत तो साधारण ७३ जिंकेल आणि ८३ वर थांबेल. म्हणजे ‘संघ चांगलाच आहे’ हा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर ठरूनही प्लेऑफ हुकू शकतो.

आता ८३ पुरतात का? मेजर लीगचे अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग असे दोन भाग आहेत. २०२२ पासून त्या प्रत्येकातून सहा संघ प्लेऑफमध्ये जातात, त्यामुळे उंबरठा थोडा खाली आला आहे. २०२३ मध्ये अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स ८४ विजयांवर आत शिरले आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोचले. पुढच्याच वर्षी त्याच डायमंडबॅक्सनी ८९ सामने जिंकले आणि बाहेर राहिले. मेट्स आणि ब्रेव्ह्जचेही ८९ च होते, पण बरोबरी सोडवण्याच्या नियमात ते दोघे आत गेले. इतक्या बारीक फरकाने दार उघडतं किंवा बंद होतं, तेव्हा एप्रिलमध्ये नवव्या इनिंगमध्ये हातचा घालवलेला सामना सप्टेंबरमध्येही तितकाच मोजला जातो.

एकच उदाहरण कवटाळून बसणे

वादात कोणीतरी ‘२०१९ चे नॅशनल्स’ म्हणतंच. बरोबरच आहे. २३ मे २०१९ ला वॉशिंग्टन नॅशनल्स १९-३१ होते, न्यूयॉर्कमध्ये मेट्सकडून चारही सामने हरलेले. पुढच्या ११२ सामन्यांत त्यांनी ७४ जिंकले आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजना सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज मिळवली. २०२४ मध्ये मेट्स पहिले पाच सामने हरले, २९ मेला २२-३३ होते, आणि नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेले. त्याच वर्षी अ‍ॅस्ट्रोज ७-१९ वरून उठून आपली डिव्हिजन (लीगमधला पाच संघांचा गट) जिंकले.

पण २०२३ च्या सेंट लुइस कार्डिनल्सचं नाव अशा वेळी कोणी काढत नाही. आदल्या वर्षी डिव्हिजन जिंकलेला संघ, मेच्या सुरुवातीला १०-२४, आणि सगळे म्हणत होते की हा उठेल. शेवट ७१-९१. व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये ३-२२ होते, त्यांचं काय झालं ते वर आलंच. न उठलेले संघ विसरले जातात, म्हणून उठलेले संघ जास्त वाटतात.

उदाहरण द्यायचंच असेल तर एक पायरी पुढे जा आणि विचारा, तो संघ का उठला? नॅशनल्सकडे मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि पॅट्रिक कॉर्बिन हे तीन भक्कम सुरुवातीचे पिचर (सामन्याची सुरुवात करणारे गोलंदाज) होते. अँथनी रेंडन, ट्रे टर्नर आणि हुआन सोटो फलंदाजीत होते. त्यातल्या टर्नरचं बोट एप्रिलच्या सुरुवातीलाच मोडलं होतं. रेंडन आणि सोटोही काही काळ जायबंदी होते. बुलपेन, म्हणजे नंतर बदली येणाऱ्या पिचरांचा ताफा, मात्र खरोखरच भयंकर होतं आणि हातचे सामने तिथे जात होते. म्हणजे दुखणं एका जागी होतं आणि बाकी शरीर ठणठणीत होतं. तुमच्या संघाची हीच स्थिती आहे का? असेल तर नॅशनल्सचं नाव जरूर घ्या. सुरुवातीचे पिचर सुमार आणि फलंदाजीही पोकळ असेल तर ते उदाहरण तुमच्या कामाचं नाही.

फक्त विजय-पराभव बघणे

संघाने केलेले रन आणि दिलेले रन, यांच्यातला फरक तक्त्यात शेजारीच छापलेला असतो, पण तिकडे नजर जात नाही. बिल जेम्स यांनी मांडलेलं सूत्र सोपं आहे: केलेल्या रनांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. विजयांचं अपेक्षित प्रमाण मिळतं. नॅशनल्सनी २०१९ च्या पूर्ण हंगामात ८७३ रन केले, ७२४ दिले. सूत्राप्रमाणे ९६ विजय येतात, प्रत्यक्षात ९३ आले.

तुमचा संघ १०-२० आहे आणि रन फरक उणे चार-पाच असेल, तर बरेच सामने एका रनाने गेले आहेत, आणि ते नशीब तसंच चालू राहत नाही. फरक उणे साठ असेल तर मॅनेजर बदला, टोप्या बदला, काही होणार नाही. दोन अगदी वेगळी दुखणी एकाच १०-२० मागे लपलेली असतात. एक पथ्य मात्र पाळा. एखादा सामना १५-२ असा हरला असाल तर त्या एकाच दिवसाने आकडा वाकडा होतो, तो बाजूला काढून परत बघा.

चुकीच्या आकड्यावरून खेळाडूला फासावर चढवणे

महिनाभरात नियमित फलंदाजाच्या साधारण शंभर खेळी सरासरीत मोजल्या जातात. ०.२७० सरासरी म्हणजे २७ हिट (चेंडू मारून बेस गाठणं), ०.२२० म्हणजे २२. ‘हा संपला’ आणि ‘हा फॉर्मात आहे’ यांच्यामध्ये अख्ख्या महिन्यात पाच हिट. पाच चेंडू दोन पावलं डावीकडे पडले असते तर हा वादच झाला नसता. बुलपेनच्या पिचरचं तर त्याहून अवघड. दहा इनिंगमध्ये नऊ स्वच्छ आणि एका इनिंगमध्ये पाच रन, की त्याची रन सरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) ४.५० दिसते.

त्याऐवजी जे लवकर स्थिरावतं ते बघा. फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतोय आणि किती वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस) घेतोय? चेंडू बॅटवरून किती वेगाने निघतोय? ताशी ९५ मैल किंवा जास्त वेगाने मारलेले चेंडू गेल्या वर्षीइतकेच असतील आणि हिट मिळत नसतील, तर थांबा. एप्रिलच्या थंडीत उत्तरेकडच्या मैदानांवर चेंडू तसाही कमी उडतो. पण पिचरचा फास्टबॉल गेल्या वर्षीपेक्षा दोन मैलांनी मंद झाला असेल, तर दोन आठवड्यांतही तो इशारा गंभीर आहे. त्यामागे अनेकदा खांदा किंवा कोपर असतो. सगळेच छोटे नमुने निरुपयोगी नसतात, हे आशावाद्यांनीही लक्षात ठेवावं.

२०२४ चा मेट्सचा फ्रान्सिस्को लिंडोर आठवा. मेच्या मध्यावर त्याची सरासरी ०.२०० च्या खाली होती आणि घरच्या मैदानावर त्याची हुर्यो उडत होती. मॅनेजर कार्लोस मेंडोझा यांनी त्याला फलंदाजीत पहिल्या क्रमांकावर आणलं. हंगाम संपला तेव्हा ३३ होम रन, ०.२७३ सरासरी, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात फक्त शोहेई ओहतानी पुढे. त्याला मेमध्ये विकून टाका म्हणणाऱ्यांनी त्याचं स्ट्राइकआउटचं प्रमाण बघितलं असतं, तर जीभ आवरली असती.

मॅनेजरची मान मागणे

फिलाडेल्फिया फिलीजनी ३ जून २०२२ ला जो जिरार्डी यांना काढलं तेव्हा संघ २२-२९ होता. रॉब थॉमसन यांच्या हाताखाली तोच संघ ६५-४६ खेळला आणि वर्ल्ड सिरीजला पोचला. २००३ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सनी १६-२२ वर जेफ टोरबोर्ग यांना बदलून ७२ वर्षांच्या जॅक मॅकीयन यांना आणलं आणि यँकीजना हरवून विजेतेपद मिळवलं. मान मागणाऱ्यांचा आवाज या दोन कहाण्यांवर पोसला जातो.

आता बॉल्टिमोर ओरिओल्स, १९८८. सलग सहा पराभव झाले आणि कॅल रिपकेन सिनियर यांना काढलं. त्यांची दोन मुलं त्याच संघात खेळत होती. नवे मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन, खेळाडू म्हणून दिग्गज. संघ पुढचे पंधरा सामनेही हरला. सुरुवात ०-२१, शेवट ५४-१०७. आणि २०१९ च्या नॅशनल्सनी डेव्ह मार्टिनेझ यांना १९-३१ वरही ठेवलं. फिलीज आणि मार्लिन्सकडे चांगले खेळाडू आधीच होते, ओरिओल्सकडे नव्हते. खेळाडूंचा ताफा बघितल्याशिवाय मॅनेजरवर बोलू नका.

एप्रिलमध्येच मोठ्या सौद्याची मागणी

हे थोडक्यात. एप्रिलमध्ये फारसं कोणी चांगला खेळाडू विकत नाही, कारण तेव्हा प्रत्येक संघाला आपणच उठणार असं वाटत असतं. बाजार जुलैत तापतो. २०२१ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज अर्ध्या हंगामाला ४४-४५ होते, रोनाल्ड अकुन्या ज्युनियर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर. जुलैत त्यांनी जॉक पीडरसन, होर्हे सोलेर, अ‍ॅडम डुव्हॉल आणि एडी रोसारियो आणले आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. तोवर तग धरणं एवढंच एप्रिल-मेचं काम असतं.

मग कधी आणि काय बघायचं?

मेच्या अखेरीस, साधारण ५५ सामने झाल्यावर, पुन्हा बसा. तोपर्यंत कोण जायबंदी होतं आणि कोण परत येतंय, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, दौरे किती झाले, हे मांडा. रन फरक बघा. मग एक ढोबळ युक्ती वापरा: आजवरच्या विजय-पराभवांत मध्यम संघाचे ७० सामने, म्हणजे ३५ विजय आणि ३५ पराभव, मिळवा. जे प्रमाण येईल, तो पुढच्या वाटचालीचा बरा अंदाज. १०-२० चं त्यामुळे ४५-५५ होतं, म्हणजे ०.४५०. हा संघ चांगला नाही, पण १०-२० मध्ये दिसतो तितका बुडालेलाही नाही. २५-३० ला तोच हिशेब लावला तर ६०-६५ येतं, म्हणजे जवळपास मध्यम.

आणि तुमचा संघ जिंकत असेल तर हीच तपासणी तितक्याच कडकपणे करा. २०२३ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी एप्रिलअखेर २० सामने जिंकले होते, हंगाम संपला ७६-८६ वर. २०२५ मध्ये मेट्स १२ जूनला ४५-२४ होते, सगळ्या लीगमध्ये सर्वोत्तम. पुढे ३८-५५ खेळून ते ८३ विजयांवर अडकले. सिनसिनाटी रेड्सचेही ८३ च होते, पण आपसातल्या सहा सामन्यांपैकी चार रेड्सनी जिंकले होते, म्हणून शेवटची जागा त्यांना मिळाली.