ग्रँड कॅन्यनमध्ये तंबूचा मुक्काम: जागा कशी निवडाल?

ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये तंबू कुठे ठोकायचा हे नजाऱ्यावरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. नकाशा उघडलात की प्रत्येक जागेपुढे आधी ‘पाणी कुठून?’ एवढंच लिहा. बरीच नावं तिथेच गळतील.

१. परवाना काढा. दरीच्या काठाखाली तंबूत रात्र काढायला परवाना लागतोच. तो रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून मिळतो. सोडत काही महिने आधीच निघते, तेव्हा अर्ज वेळेत टाका. कोणती रात्र कुठे, हे परवान्यावर ठरलेलं असतं; ‘पाय भरून आले, इथेच झोपू’ चालत नाही. सहाजणांपर्यंत लहान गट. त्याहून जास्त असाल तर जागा मिळणं अवघड, मला विचाराल तर तेवढी माणसं जमवूच नका.

२. पहिल्या वेळी कॉरिडॉरच घ्या, म्हणजे देखभाल होणाऱ्या, वर्दळीच्या मुख्य वाटा. साउथ कायबाब वाटेने उतरा. सुमारे ११ किलोमीटरच्या या वाटेवर पाण्याचा थेंब नाही, पण उतरणीला ती चालते. पहिली रात्र तळाशी, ओढ्याकाठच्या ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर. परत येताना ब्राइट एंजल वाट धरा आणि दुसरी रात्र हवासुपाई गार्डन्सला काढा, म्हणजे सुमारे १,३०० मीटर उंचीची चढण दोन दिवसांत विभागली जाते. ही चढण एका दमात उरकायचा हट्ट बऱ्याच जणांना महागात पडतो.

या दोन्ही मुक्कामांवर नळ आहेत, पण पाइपलाइन जुनी आहे आणि वरचेवर फुटते. निघायच्या दिवशी रेंजरकडे पाण्याची आणि वाटांची स्थिती विचारा. २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात उत्तर काठ होरपळला, त्यामुळे त्या बाजूच्या वाटेवरच्या कॉटनवुड कॅम्पग्राउंडकडे जायचं असेल तर ही चौकशी आणखीच गरजेची.

३. अनुभव असेल तर आडवाटा. हर्मिट क्रीकला ओढा आहे, गर्दी कमी. मात्र वाट ढासळलेली, दगडधोंड्यांची. हॉर्सशू मेसा या सपाट माथ्याच्या टेकाडावरून दरी झकास दिसते, पण पाणी नाही, सगळं पाठीवर न्यावं लागतं. कोलोरॅडो नदीचं पाणी वापरायचं असेल तर भांड्यात रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळाचा थर बसलेला दिसेल. वरचं निवळ पाणी तेवढं गाळा. थेट गाळायला गेलात तर फिल्टर तुंबलाच.

४. ऋतू पाहा. वसंत आणि शरद उत्तम. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका. जुलै ते सप्टेंबर वळवाच्या सरी येतात. पाऊस दूर पडला तरी कोरड्या ओढ्यात लोंढा येतो. पात्रात तंबू नको.

५. सामान. शेकोटीला बंदी आहे, स्टोव्ह घ्या. पाण्याबरोबर खारं खाणंही हवं, नुसतं पाणी ढोसून रक्तातलं मीठ उतरतं. खाण्याचे डबे कॅम्पग्राउंडवरच्या धातूच्या पेट्यांत ठेवा आणि सॅकच्या कप्प्यात बिस्किटाचा चुरासुद्धा राहू देऊ नका, खारुताया कापड कुरतडून आत शिरतात. शौचालय नसेल तिथे पाण्यापासून ६० मीटर दूर, वीतभर खड्डा खणा. वापरलेला कागद पिशवीत बांधून परत आणा.