लीगल एड डिफेन्सच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलात? मग हे वाचून घ्या

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची जाहिरात निघाली की नागपुरातले बरेच जण विचारून राहिले असतात, भाऊ, डिफेन्स कौन्सेलच्या, म्हणजे गरीब आरोपींना फुकट वकील देणाऱ्या ऑफिसात ऑफिस असिस्टंटला नेमकं काम काय असते, टायपिंगच ना? टायपिंग आहेच, पण खरं काम म्हणजे तारखा सांभाळणं. प्रायव्हेट वकिलाचा अशील स्वतःच दहादा फोन करून तारीख विचारतो. इथला अशील वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये, हातात फोन नाही, पैसे नाहीत, घरचे बालाघाट नाहीतर गोंदियाला, त्यामुळे त्याची तारीख तुमच्या रजिस्टरात नसेल तर ती कुठंच नाही असं समजा.

नाल्सा म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, त्याच्या २०२२ च्या स्कीममध्ये चीफ, डेप्युटी आणि असिस्टंट असे पूर्ण वेळचे वकील असतात, त्यांना प्रायव्हेट प्रॅक्टिस करता येत नाही आणि ऑफिसचं सगळं काम क्रिमिनलचंच. त्यांच्या हाताखाली तुम्ही. पोस्ट कंत्राटी आहे हे आधीच डोक्यात ठेवा. ग्रॅज्युएशन, कॉम्प्युटर, चांगला टायपिंग स्पीड आणि डिक्टेशन घेता येणं, एवढं मागतात. मराठी इंग्रजी दोन्ही टायपिंग येत असेल तर तुम्ही राजे, कारण खालच्या कोर्टात मराठी चालते आणि हायकोर्टाच्या नागपूर बेंचला इंग्रजी. एक गोष्ट आत्ताच सांगतो, मराठी युनिकोडमध्येच टाईप करा, जुन्या कृतीदेव फॉन्टमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते किडेमकोडे दिसतात आणि ते पण नेमकं अर्ज दाखल करायच्या वेळेला.

नवीन केस आली की पहिला प्रश्न, माणूस कस्टडीत आहे का? असेल तर उत्पन्नाचा दाखला मागत बसू नका. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये कस्टडीतला माणूस उत्पन्न न बघता पात्र आहे, तसंच बायका, मुलं, एससी, एसटी पण. महाराष्ट्रातली ३ लाखांची उत्पन्न मर्यादा बघायची ती बाकीच्यांसाठी. जामिनासाठी आलेल्या एखाद्या आईला तहसीलला हेलपाटे घालायला लावले आणि तो दाखला लागणारच नव्हता, तर तिचा दिवस आणि मजुरी दोन्ही गेली. घरचे लोक पैसे पण काढतात, कोर्टात आले म्हणजे द्यावेच लागतात असं त्यांना वाटते, तेव्हा स्पष्ट सांगायचं की इथं एक रुपयाही लागत नाही.

वकालतनामा जेलमध्ये जातो, तिथं आरोपीची सही किंवा अंगठा आणि जेल अधिकाऱ्याचं साक्षांकन होऊन परत येतो. परत आला की नाव एफआयआरशी, रिमांडच्या म्हणजे कोर्टाने कोठडी दिल्याच्या कागदाशी, सगळ्याशी ताडून बघा. एका कागदावर राजू, दुसऱ्यावर राजेश, वडिलांचं नाव तिसरंच, असं सर्रास असते आणि मग जामीन मंजूर होऊनही जेलच्या गेटवर माणूस अडकून राहते.

आता रजिस्टर. ऑफिसात जो काही फॉरमॅट असेल तो असू द्या, तुमचं स्वतःचं एक एक्सेल ठेवाच, त्यात केसची ओळख असलेला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, कोर्ट, कलमं, अटकेची तारीख आणि पहिल्या रिमांडची तारीख वेगवेगळ्या कॉलममध्ये. या दोन तारखा एक समजू नका. चार्जशीट वेळेत आलं नाही तर डिफॉल्ट बेल मिळते, बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १८७(३), जुन्या सीआरपीसीचं १६७(२), साध्या भाषेत ६० दिवस आणि फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस. मोजायचं रिमांडपासून, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रिमांडचा दिवसही धरायचा. म्हणजे बघा, रिमांड ३ मार्चचा असेल तर मार्चचे २९, एप्रिलचे ३०, झाले ५९, साठावा दिवस १ मे. हक्क येतो २ मेला. आता १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून अर्ज ३० एप्रिललाच टाईप करून, वकीलसाहेबांना दाखवून, प्रिंट काढून फोल्डरमध्ये ठेवायचा आणि कोर्ट उघडल्याबरोबर चार्जशीट आलंय का ते कोर्टाच्या क्लार्ककडे विचारून लगेच दाखल. दुपारी चहा पिऊन जाऊ म्हटलं आणि तेवढ्यात पोलिसांनी चार्जशीट टाकलं तर हक्क गेला. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कमर्शियल क्वांटिटीला १८० दिवस आहेत, ते वेगळ्या रंगात ठेवा.

त्याच एक्सेलमध्ये अजून एक कॉलम, बीएनएसएसच्या कलम ४७९ चा. आधी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बॉण्डवर आणि बाकीच्यांनी अर्धा काढला की जामिनावर सोडण्याचा विषय येतो, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. पण दुसऱ्याही केसेस पेंडिंग असतील तर हे लागू होत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यायचं की दुसरीकडे कुठं काही आहे का. लोक लपवतात. ई-कोर्ट्सच्या वेबसाईटवर नावाने शोधलं तर बरंच काही निघते.

कलमांचा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला आयपीसी म्हणजे जुना दंड कायदा, त्या दिवसापासूनच्याला बीएनएस म्हणजे नवीन, दोन्ही प्रकारच्या फायली एकाच कपाटात. ३०२ चं १०३, ३०७ चं १०९, ३७९ चं ३०३(२), ४२० चं ३१८(४), एवढं तर महिनाभरात पाठच होते.

नकलांचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. कैदेची शिक्षा झाली की आरोपीला निकालाची प्रत कोर्टाने लगेच फुकट द्यायची असते, ती हातात पडली का ते त्याच दिवशी बघा. सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात अपिलाला ६० दिवस आहेत, सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी मिळाली या दोन्ही तारखा लिहून ठेवायच्या.

तोंड बंद ठेवणं हाही नोकरीचाच भाग आहे बरं का. वकील आणि अशिलाचं बोलणं गोपनीय असते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वकिलाच्या क्लार्कलाही लागू आहे. फायलीतल्या कागदाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत, आणि पॉक्सो किंवा बलात्काराच्या केसमध्ये पीडितेचं नाव फायलीच्या कव्हरवर, फाईलनेमवर, कुठंच यायला नको. कँटीनमध्ये तर्री पोहे खाताना सरकारी पक्षाचा ओळखीचा क्लार्क सहज विचारून राहते, तुमचा आरोपी काय म्हणून राहिला बे? हसून विषय बदलायचा.

जामीन झाला म्हणून फाईल कपाटात टाकणारे खूप आहेत, मला ते अजिबात पटत नाही. गरीब माणसाचा जामीन होतो आणि जामीनदारच मिळत नाही. सुप्रीम कोर्टाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाप्रमाणे ऑर्डरची सॉफ्ट कॉपी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जेलला ईमेलने जायला पाहिजे, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. तुम्ही वाट बघत बसू नका. ऑर्डरच्या तारखेपुढे सातवा दिवस लिहा, जेलला फोन करा, घरच्यांना जामीनदाराचे काय काय कागद लागतात ते सोप्या भाषेत सांगा, आणि गरज पडली तर हिंदीत सांगा, कारण छिंदवाड्याच्या माणसाला आपलं कोर्टातलं मराठी काही कळत नाही. महिना झाला आणि तरीही बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्ट अट शिथिल करायचा विचार स्वतःहून करू शकते, पण स्वतःहून होईल या भरवशावर राहण्यापेक्षा तिसाव्या दिवशी अट कमी करण्याचा अर्ज टाईप करून वकील मॅडमच्या टेबलावर ठेवलेला बरा.