गच्ची धुण्याच्या कामाचा दर कसा ठरवावा

सोलापुरात गच्ची स्वच्छ करण्याचे काम घेणाऱ्याने फोनवरून दर सांगू नये. आधी गच्ची पाहून टेपने मापावी. नळाला रोज पाणी येत नसल्याने पाणी घरमालक देणार की टँकर आपण आणणार, हे पहिल्याच भेटीत ठरवावे, कारण नफा बहुधा तिथेच बुडतो. समजा, ८०० चौरस फुटांच्या गच्चीसाठी मजुरी १,४००, टँकर ६०० आणि साहित्य व वाहतूक ४०० रुपये धरली, तर खर्चच चौरस फुटाला ३ रुपये पडतो. यंत्राची झीज आणि नफा त्यावर मिळवावा. लहान गच्चीसाठी मात्र किमान ठोक रक्कम ठेवावी.

काम पन्हाळीपासून सुरू करावे, म्हणजे पाणी तुंबत नाही. कोरडी माती आधी झाडून उचलावी, शेवाळावर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून थोड्या वेळाने घासावे. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. पाण्याच्या टाकीचे झाकण तत्पूर्वी घट्ट लावावे. जुन्या कोब्याचे सांधे सैल असतील, तर दाबाच्या पाण्याचे यंत्र टाळून काथ्याचा ब्रश वापरावा, अन्यथा पावसाळ्यातील गळतीचे खापर आपल्यावर फुटते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते घासू नयेत. माळवदावर तर पाणी टाकूच नये. ते मातीचे छत आहे, तिथे नुसता झाडू पुरतो. मे महिन्यात काम सकाळी दहापर्यंत आटोपावे.