घरच्या सर्व्हरला यूपीएस लावताना ती यूएसबी केबल खोक्यात ठेवू नका

मे महिन्यातली गोष्ट. वळवाचा पाऊस, संध्याकाळी साडेसहाला लाईट गेली (हे नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं), आम्ही सगळे साताऱ्याला लग्नात आणि इकडे धायरीत घरी माझा छोटा सर्व्हर यूपीएसवर चालू. मी निवांत, यूपीएस आहे की, कशाला काळजी करायची. रात्री घरी आलो तर फोटोंचा डेटाबेस उघडेना. लॉग बघितला, शेवटची ओळ ७ वाजून १४ मिनिटांची, ती पण अर्धवट. म्हणजे यूपीएसने पाऊण तास इमानेइतबारे किल्ला लढवला आणि मग मान टाकली, आणि सर्व्हर बिचारा लिहिता लिहिता गेला कारण लाईट गेलीये हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी यूएसबी केबल खोक्यात, रबरबँडसकट जशीच्या तशी. बॅकअप होता म्हणून वाचलो, नाहीतर भाचीच्या बारशाचे फोटो गेले म्हणून आईने घराबाहेर काढलं असतं.

तर घरच्या पीसीसाठी किंवा सर्व्हरसाठी यूपीएस घेणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की करा. यूपीएस मशीन चालवत ठेवायला नसतो, मशीन नीट बंद व्हायला वेळ मिळावा म्हणून असतो. तासन्‌तास चालवायचं असेल तर ते काम इन्व्हर्टरचं, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी लोड मोजा. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, म्हणजे तपकीर गल्लीत गेलात की दुकानदार विचारणार "किती व्हीए देऊ?" आणि आपण म्हणणार "तुम्हीच सांगा दादा", मग तो त्याच्याकडे जो पडून आहे तो सांगणार. प्लग-इन वॉटमीटर मिळतो तो घेतलात तर उत्तम, नाहीतर फुकटातली युक्ती म्हणजे घराचा वीजमीटर. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० इम्पल्स प्रति युनिट असं काहीतरी छापलेलं असतं. फ्रिज, पंखे, सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर चालू ठेवा, आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. ३२०० वाला मीटर असेल आणि मिनिटाला ५ लुकलुक झाल्या तर तासाला ३००, भागिले ३२०० गुणिले १०००, म्हणजे साधारण ९४ वॉट. कमी लोड असेल तर पाच मिनिटं मोजा आणि पाचाने भागा, एका मिनिटात चूक फार होते. मी जिन्याखाली मीटरसमोर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा होतो तेव्हा वॉचमन काकांना वाटलं मी मीटरशी काहीतरी उद्योग करतोय, त्यांना आधी सांगून ठेवा.

अंदाज म्हणून सांगतो, जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर, त्यात दोन मोठ्या हार्डडिस्क, हे माझ्याकडे ४५ वॉटच्या आसपास खातं. फायबरचा डबा आणि राउटर मिळून १५. एकूण ६०. मिनी पीसी असेल तर अजून कमी. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेम चालू असताना ३०० च्या वर सहज जातं, आणि तेव्हा लाईट गेली तर छोटा यूपीएस सरळ हात वर करतो.

आता व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरात ६०० व्हीए लिहिलेलं असतं ते ६०० वॉट नव्हेत. साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॉटचा असतो, ११०० व्हीएचा ६६० च्या आसपास, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. आणि हा आकडा फक्त किती लोड झेपेल ते सांगतो, किती वेळ चालेल ते आतल्या बॅटरीवर. ६०० व्हीएमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. पण हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा, आपण तिला अर्ध्या तासात पिळून काढतो त्यामुळे तेवढी हाताला लागत नाही, शिवाय १२ चे २३० व्होल्ट करताना थोडी वाया जाते. माझा ठोकताळा म्हणजे निम्मी धरा. ४२ वॉट-अवर भागिले ६० वॉट, झाली चाळीस मिनिटं आणि वर थोडी. बॅटरी नवी होती म्हणून मला पाऊण तास मिळाला. दीडशे वॉटचा डेस्कटॉप असेल तर दहा-पंधरा मिनिटांच्या वर अपेक्षा ठेवू नका, लोड वाढला की बॅटरी आणखी कमी देते.

प्रकार तीन: ऑफलाइन, लाइन-इंटरॅक्टिव्ह आणि ऑनलाइन. घरासाठी लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्या, विषय संपला. त्यात व्होल्टेज खालीवर झालं तर बॅटरीला हात न लावता सावरून घेणारा स्टॅबिलायझर असतो, आणि आपल्याकडे संध्याकाळी पंप-एसी चालू झाल्यावर व्होल्टेज कुठे जातं ते माहितीये. ऑनलाइन वाला महाग, पंखा सतत घोंघावतो, हॉलमध्ये ठेवलात तर घरचे ठेवू देणार नाहीत. बॅटरीवर जायला लाइन-इंटरॅक्टिव्हला काही मिलिसेकंद लागतात, चांगला पॉवर सप्लाय तेवढा वेळ दम धरतो. फक्त महागातला पॉवर सप्लाय असेल, ज्यावर ॲक्टिव्ह पीएफसी लिहिलेलं असतं, तर स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर कधीकधी त्याचं जमत नाही, लाईट गेली की यूपीएस असूनही पीसी बंद. तसं होत असेल तर प्युअर साइनवेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएस बघा.

घरात इन्व्हर्टर आहे? मग खरी गंमत. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, आपल्या यूपीएसच्या वीसपट. त्यामुळे बरेच जण म्हणतात यूपीएस कशाला, लावा थेट इन्व्हर्टरवर. चालतं, पण इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक खटका असतो, नॉर्मल मोड आणि यूपीएस मोड. नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर बदलायला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर टाका. मला विचाराल तर इन्व्हर्टरच्या पुढे छोटा यूपीएस, आणि त्याच्या पुढे सर्व्हर. मात्र इन्व्हर्टर साइनवेव्हचा हवा. जुना स्क्वेअरवेव्ह असेल तर यूपीएसला ती लाईट लाईट वाटतच नाही, तो कट-कट करत बॅटरीवर जातो, परत येतो, परत जातो, आणि अर्ध्या तासात स्वतःच रिकामा होतो. मामाकडे हा तमाशा आख्खी दिवाळी चालला होता.

यूपीएसवर काय लावायचं नाही ते पण सांगतो. लेझर प्रिंटर अजिबात नाही, तो गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळतो. स्पीकर, चार्जर, टेबल फॅन, यांना पण बाहेरचा रस्ता. मॉनिटर पीसीसाठी हवा, सर्व्हरसाठी नको. आणि काही यूपीएसच्या मागे सगळ्या सॉकेटना बॅटरी नसते, एक-दोन फक्त सर्जवाले असतात, त्यावर सर्व्हर लावून "यूपीएस खराब आला" म्हणून दुकानात भांडायला गेलेला माणूस मला माहितीये. (तो मीच.)

अर्थिंग. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोलीत तिसरी पिन कित्येकदा नुसती शोभेची असते. मल्टिमीटरने बघा, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, तीनच्या आत. फेज-अर्थला भलतंच काही दिसलं किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, यूपीएस नंतर. मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल तर हे पण वायरमनकडूनच करून घ्या, लाजू नका.

नवीन यूपीएस आणला की रात्रभर चार्ज होऊ द्या. मग सर्व्हर जोडायच्या आधी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून बघा, बोर्डाचा खटका बंद करा आणि बल्ब किती वेळ जळतो ते मोजा. प्लग उपटू नका, खटकाच बंद करा, खटक्याने फक्त फेज तुटते आणि अर्थिंग जोडलेलं राहतं.

आता ती केबल. विंडोजवर बऱ्याच यूपीएसना काही टाकावंच लागत नाही, यूएसबी लावली की लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह येतं, पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन बॅटरी क्रिटिकल झाली की शटडाऊन असं ठेवा. लिनक्सवर एनयूटी, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स. ते इन्स्टॉल करा, नट-स्कॅनर चालवा, तो यूपीएस शोधून कुठला ड्रायव्हर लागेल ते सांगतो. नामांकित कंपन्यांच्या यूपीएसना बहुतेक वेळा यूएसबीएचआयडी-यूपीएस हा ड्रायव्हर चालतो, स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांना नटडीआरव्ही-क्यूएक्स (nutdrv_qx). कॉन्फिगच्या फाइलींमध्ये फार काही नसतं: एकात मोड स्टँडअलोन, एकात यूपीएसचं नाव, ड्रायव्हर आणि पोर्ट ऑटो, एकात युजर-पासवर्ड, आणि शेवटच्या यूपीएसमॉनच्या फाइलमध्ये मॉनिटरची एक ओळ. झालं की हालहवाल बघायची कमांड आहे यूपीएससी. पुण्यात हे नाव जपून घ्या, मी घरी म्हणालो "यूपीएससी चालतंय एकदाचं" तर बाबांनी पेपरातून मान वर करून विचारलं, कितवा अटेम्प्ट?

त्या कमांडमध्ये स्टेटस ओएल दिसलं म्हणजे मेनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आलीये. एनयूटी स्वतःहून ओबी आणि एलबी दोन्ही आल्यावर सर्व्हर बंद करतं, पण जुन्या बॅटरीवर एलबीचा भरवसा धरू नका, ४० टक्के दाखवता दाखवता धप्पकन शून्य होते. म्हणून मी एनयूटीमधलंच यूपीएसशेड (upssched) वापरून टायमर लावलाय, लाईट जाऊन पाच मिनिटं झाली की बंद म्हणजे बंद. पाच मिनिटांत आली नाही तर ती काय लवकर येत नाही, आणि गुरुवार, म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट घालवायचा वार असेल तर संध्याकाळपर्यंत विसराच.

बंद झालं, पण परत चालू कोण करणार? बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडतो तो सेटिंगचा पडदा) जाऊन एसी पॉवर गेल्यावर काय, याला "पॉवर ऑन" ठेवा. इथे एक खोच आहे. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस पूर्ण संपायच्या आत लाईट आली तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, त्यामुळे तो उठतच नाही, आणि तुम्ही ऑफिसातून घरी फोन करताय, "ते काळं बटण दाब गं". म्हणून एनयूटीमध्ये पॉवरडाऊनफ्लॅग असतो तो सेट करा, मग सर्व्हर बंद होताना यूपीएसलाच सांगतो की आता आउटपुट तोड, आणि लाईट आली की यूपीएस परत चालू करतो. काही स्वस्त यूपीएस हे ऐकत नाहीत, करून बघितल्याशिवाय कळणार नाही. आउटपुट तुटलं की राउटर पण गेला, म्हणून राउटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस घ्या, आत लिथियम सेल असतात, दोन-तीन तास आरामात निघतात. ॲडॉप्टरवर १२ व्होल्टच आहे ना आणि पिनची पोलॅरिटी तीच आहे ना ते बघून घ्या, ९ व्होल्टचे राउटर पण असतात.

मग रंगीत तालीम. महत्त्वाचं सगळं सेव्ह करून बॅकअप घेऊन यूपीएसमॉनला सी एफएसडी देऊन (upsmon -c fsd) चालवा. सर्व्हर खरोखर बंद होतो, नुसती चाचणी नाही, यूपीएस आउटपुट तोडतो, आणि सगळं परत वर येतं की नाही ते समोर बसून बघा. माझ्याकडे पहिल्या वेळी आला नाही, कारण बायोसची सेटिंग बदलून मी सेव्ह न करताच बाहेर पडलो होतो.

बॅटरी दोन-तीन वर्षं टिकते, उन्हाळ्यात बंद कपाटात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलीत तर त्याहून लवकर जाते, साधारण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं धरतात. फुगली असेल तर वाट न बघता काढा. बदलताना यूपीएस बंद, प्लग बाहेर, अंगठी-कडं काढून ठेवा, आणि नवी घ्यायच्या आधी टर्मिनलची पट्टी मोजा, ४.८ मिलिमीटर आणि ६.३ असे दोन प्रकार येतात आणि दुकानात कोणी विचारत नाही. आत दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदला. लेड-ॲसिडच्या जागी त्याच मापाची लिथियम टाकायचा मोह आवरा, चार्जर तिच्यासाठी बनवलेला नसतो. जुनी भंगारवाल्याला देऊ नका, बॅटरीच्याच दुकानात द्या, नवीवर थोडे पैसे पण कमी करतात. आणि नवीवर स्केचपेनने तारीख लिहा, मी घरातल्या एमसीबीच्या डीपीच्या दाराच्या आतल्या बाजूला पण लिहिलीये, इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकल्याची तारीख असते त्याच्या खाली.