सराटा ओळखायचा तर फूल सगळ्यात शेवटी

सराटा पहिल्यांदा भेटला तो अनवाणी पायाला. काटा उपसायला खाली बसलो, तेव्हा दिसलं की रोज मी ज्या पिवळ्या फुलांवरून चालतो, त्यांच्याच वेलावर हे काटे धरलेत. तरीही फुलावरून ओळखायला गेलात तर फसाल. वाळूसर रानात पाच पाकळ्यांची पिवळी फुलं काही एकाच रोपाला येत नाहीत.

मी आधी वेलाचं टोक धरून अलगद उचलतो. सराट्याच्या फांद्या मधल्या एकाच सोटमुळापासून चहूकडे पसरतात, पेरांना मुळं फुटत नाहीत, त्यामुळे वेल कुठे न अडकता उचलला जातो. मोकळ्या जागी तो भुईसपाट असतो, गवताच्या दाटीत मात्र मान वर काढतो.

आता पानं. पेरावर समोरासमोर दोन, पण एक मोठं, एक लहान. पुढच्या पेरावर मोठ्याची बाजू बदलते. ही खोड मला फार आवडते, जणू डावं-उजवं पाऊल टाकत वेल पुढे सरकतोय. प्रत्येक पान संयुक्त असतं, म्हणजे एकाच देठावर छोट्या पानांच्या, पर्णिकांच्या, साधारण चार ते आठ जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही. उन्हाकडे धरलं की पांढरी लव चमकते. घोळ नावाची रानभाजीही अशीच पसरते, फूलही पिवळं, पण तिचं पान साधं आणि मांसल.

फूल बघायचं तर सकाळीच जा, ऊन चढलं की मिटतं. पानाच्या बगलेत एकेकटं, जेमतेम सेंटीमीटरभर, आत दहा पुंकेसर.

उरलीसुरली शंका फळ मिटवतं. त्याच्या पाच फाका सुट्या होतात आणि प्रत्येकीला दोन लांब, दोन आखूड काटे. फाक कशीही पडो, एखादा काटा वर असतोच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली सराट्याला दिलेलं ट्रिब्युलस हे शास्त्रीय नाव शत्रूच्या वाटेवर पसरायच्या लोखंडी काट्यांवरूनच आलंय.

सराट्याला गोखरूही म्हणतात, पण गोखरू म्हणून कुणी दुसरंच रोप दाखवलं तर भांडू नका. मोठं गोखरू तिळाच्या कुळातलं, सराट्याचं सख्खं नव्हे. त्याचं पान साधं, जाडसर. फूल पिवळंच, पण नळीसारखं. ताजी डहाळी पाण्यात ढवळा, पाणी बुळबुळीत होतं.

आणि हो, घरात शिरण्याआधी चपलेचा तळ बघा.