पेट्रोल पिकअपचे प्लग-इन हायब्रिडमध्ये रूपांतर करताना या चुका टाळा

अमेरिकेत पेट्रोलवर चालणारे पिकअप ट्रक वर्षानुवर्षे रस्त्यावर राहतात. म्हणूनच इंटेलचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी २००८ मध्ये असा आग्रह धरला होता की, नव्या मोटारींची वाट न पाहता आधी वापरातले पिकअप, एसयूव्ही आणि व्हॅन प्लग-इन हायब्रिड करावेत, म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटर आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी बसवावी. यामागचा हिशेब आजही पटतो. वर्षाला १०,००० मैल धावणारा ट्रक गॅलनला १५ मैलांऐवजी २० मैल देऊ लागला, तर सुमारे १६७ गॅलन पेट्रोल वाचते. छोटी मोटार ३० वरून ५० मैलांवर नेली, तरी बचत १३३ गॅलनच होते.

रूपांतर फसते तेव्हा दोष बहुधा बॅटरीला दिला जातो. माझ्या मते आधी पाहावीत ती इंजिनाची दुर्लक्षित कामे. इंजिन केवळ चाके फिरवत नाही. ब्रेक दाबणे हलके करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम (निर्वात), पॉवर स्टीअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि केबिनचा हीटर, हे सारे जुन्या ट्रकमध्ये त्याच्यावरच अवलंबून असते. त्यामुळे इंजिन बंद ठेवून विजेवर चालवताना ब्रेकचे पेडल कडक लागत असेल किंवा स्टीअरिंग जड होत असेल, तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप आणि इलेक्ट्रिक स्टीअरिंग पंप बसवल्याशिवाय तो ट्रक रस्त्यावर आणू नये.

याहून घातक चूक लवकर दिसत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ऑइल पंप साधारणपणे इंजिन फिरत असतानाच चालतो. मोटर ड्राइव्हशाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर, जोडली आणि इंजिन बंद ठेवून ट्रक पळवला, तर गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरत राहतो, पण त्याला वंगण मिळत नाही. कालांतराने बेअरिंग आणि बुश झिजतात. यावर तीन मार्ग आहेत: स्वतंत्र इलेक्ट्रिक ऑइल पंप, गिअरबॉक्स वेगळा करणारा क्लच, किंवा इंजिन चालूच ठेवून मोटरने केवळ साहाय्य करण्याची रचना. तिसऱ्या मार्गात बचत कमी होते, तरी जुन्या ट्रकसाठी मी तोच सुचवीन, कारण त्यात ब्रेक, स्टीअरिंग आणि गिअरबॉक्स यांच्या मूळ व्यवस्थेला धक्का लागत नाही.

रूपांतरानंतर ‘चेक इंजिन’ दिवा लागला, तर ट्रकच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड पुसून मोकळे होऊ नये. पी०१२८ हा कोड इंजिनाचे कूलंट पुरेसे तापत नसल्याचे सांगतो, आणि इंजिन वारंवार बंद होत असेल तर तो थर्मोस्टॅट चांगला असूनही येऊ शकतो. पी०४४१ चा संबंध पेट्रोलच्या वाफा साठवणाऱ्या कॅनिस्टरशी असतो. या वाफा इंजिन चालू असतानाच त्यात खेचून जाळल्या जातात. इंजिन क्वचित चालले, तर कॅनिस्टर भरून वाफा हवेत सुटतात. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही थंड पडतो आणि प्रत्येक थंड सुरुवातीला धूर अधिक दूषित निघतो. म्हणून इंजिन एकदा सुरू झाले की ते पुरेसे तापेपर्यंत चालू राहील, अशी सोय नियंत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये हवी.

बॅटरी मोठी तितकी चांगली, हा समजही महागात पडतो. केवळ विजेवर चालताना पिकअपला मैलाला साधारण अर्धा युनिट वीज लागते, म्हणजे रोज तीस मैल जाणाऱ्याला वापरता येण्याजोगे १५ युनिट पुरतात. त्याहून मोठा पॅक केवळ वजन वाढवतो, आणि हे वजन दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या भारक्षमतेतूनच वजा होते. १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर १२ अँपिअरने १५ युनिट भरायला दहा तासांहून अधिक लागतात. रात्री तेवढा वेळ मिळत नसेल, तर २४० व्होल्टची जोडणी आधी करून घ्यावी.

बचत मोजताना पेट्रोलबरोबर विजेचा खर्चही धरावा. चार्ज केल्यानंतरच्या पहिल्या काही मैलांवरून काढलेला आकडा लांबच्या प्रवासात टिकत नाही.

कॅलिफोर्नियात अशा किटला हवा संसाधन मंडळाची मंजुरी लागते, आणि भारतातही हायब्रिड किटला एआयएस-१२३ या मानकानुसार मान्यता आवश्यक असते. मंजुरीच्या कागदावर ट्रकचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन नेमके नमूद आहे का, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा.