५० केल्विनला पीक दिसलं म्हणून लगेच पेपर लिहायला बसू नका: या चुका टाळा

मँगनाइट (मँगनीजचं ऑक्साइड संयुग) किंवा रेअर-अर्थ ऑक्साइड स्क्विडमध्ये (चुंबकत्व मोजणारं यंत्र) टाकलं, थंड केलं, आणि कर्व्हमध्ये ४४ ते ५४ केल्विनच्या मधे बारीकसं पीक (उंचवटा) आलं की नवीन पीएचडीवाल्यांना वाटतं, सापडलं नवीन मॅग्नेटिक ट्रान्झिशन! थांबा. बहुतेक वेळा तो ऑक्सिजन असतो, हवेतला, साधा. ऑक्सिजन स्वतः मॅग्नेटिक आहे, ५४ केल्विनला गोठतो आणि ४४ च्या आसपास त्याचं घनरूप बदलतं तेव्हा ससेप्टिबिलिटी (फील्डला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद) एकदम पडते, मग तुमच्या पावडरच्या पोकळ्यांत किंवा जिलेटिन कॅप्सूलमध्ये अडकलेली थोडीशी हवासुद्धा वीक सॅम्पलचा सिग्नल खाऊन टाकते. कॅप्सूलला सुईने भोक पाडलंय का बघा (हे विसरणारे ढीगभर आहेत), रूम टेम्परेचरलाच हीलियमने चार-पाच वेळा पर्ज करा (हवा काढून हीलियम भरा) आणि परत मोजा. पीक लहान झालं किंवा गेलं, तर विषय संपला. थंड असताना पर्ज करून काही होत नाही, गोठलेला ऑक्सिजन जागेवरच बसून राहतो.

पर्ज करूनही पीक तिथेच असेल तर दुसरा संशयित Mn₃O₄, सॅम्पलमध्ये अशुद्धी म्हणून राहिलेलं मँगनीज ऑक्साइड. हा फेरीमॅग्नेट (आतले उलटसुलट चुंबक पूर्ण रद्द होत नाहीत असा पदार्थ), ४२-४३ केल्विनला ऑर्डर होतो. दोघांत फरक करणं सोपं आहे. ऑक्सिजनचा सिग्नल फील्डच्या प्रमाणात वाढतो आणि झीरो-फील्ड-कूल्ड, फील्ड-कूल्ड (फील्डशिवाय आणि फील्डमध्ये थंड करून मोजलेले) कर्व्ह जवळपास एकावर एक बसतात, Mn₃O₄ असेल तर दोन्ही कर्व्ह फाटतात आणि ५ केल्विनला हिस्टेरेसिस लूप (फील्ड वर-खाली नेताना मिळणारा कर्व्ह) उघडतो. एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शन) तर काहीच दिसलं नाही, असं सांगू नका, टक्काभर फेज एक्सआरडीत बॅकग्राउंडमध्ये बुडते, स्क्विडला मात्र ती ठणठणीत दिसते. आता गंमत म्हणजे TbMnO₃ खरोखरच ४१-४२ केल्विनला अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारचे चुंबक उलट दिशेला) होतं, म्हणजे तिथे आकडा बघून काहीच ठरत नाही, स्पेसिफिक हीट करावीच लागते. युरोपियमचं काही करत असाल आणि ६९-७० केल्विनला उडी दिसली तर EuO आठवा, त्याचं ट्रान्झिशन तिथेच आहे.

हे Mn₃O₄ येतं कुठून? पुष्कळदा वजनकाट्यावरून. लँथनमच्या मँगनाइटसाठी कच्चा माल म्हणून घेतलेला La₂O₃ हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, बाटली उघडी राहिली की हळूहळू हायड्रॉक्साइड होतो. पूर्ण हायड्रॉक्साइड झाला असेल तर तेवढ्याच वजनात लँथनम जवळजवळ १४ टक्के कमी येतं, मग मँगनीज जास्त होतं आणि ते बाहेर पडून वेगळी फेज बनवतं. म्हणून La₂O₃ आधी ९००-१००० डिग्रीला रात्रभर भाजायचा, डेसिकेटरमध्ये गार करायचा आणि लगेच वजन करायचं. Pr₆O₁₁ आणि Tb₄O₇ चीही तीच रड, लेबलवरचा फॉर्म्युला डोळे झाकून धरू नका.

पण अशुद्धी आहे म्हणून सगळंच कचऱ्यात टाकायचं असंही नाही हां. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९९३ साली आर. नागराजन आणि सहकाऱ्यांना YNi₄B च्या सॅम्पलमध्ये १२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटीचा सिग्नल दिसला, त्यांनी तो झटकून न टाकता पाठपुरावा केला, तेव्हा कळलं की खरा धनी कार्बन असलेली फेज आहे, आणि त्यातूनच बोरोकार्बाइडचं कुटुंब उघडलं. YNi₂B₂C चं टीसी (ज्याखाली सुपरकंडक्टर होतो ते तापमान) १५ केल्विनच्या वर आहे. त्यांनी फेज ओळखून दाखवली, नुसता कर्व्ह दाखवला नाही.

आता निगेटिव्ह मॅग्नेटायझेशन, म्हणजे लावलेल्या फील्डच्या उलट दिशेचं चुंबकत्व. YVO₃ मध्ये ते खरं आहे, १९९८ ला नीट दाखवलंय. पण ५-७ टेस्ला लावून फील्ड शून्यावर आणलं की सुपरकंडक्टिंग मॅग्नेटमध्ये १०-३० ओर्स्टेड उरतं, बऱ्याचदा उलट्या दिशेचं, आणि तुम्ही स्क्रीनवर शून्य बघून थंड करता. झालं, ५० ओर्स्टेडला मोजलं की निगेटिव्ह! ऑसिलेट मोडने (फील्ड उलटसुलट करत हळूहळू कमी करून) फील्ड उतरवा, पॅलेडियम स्टँडर्डवर उरलेलं फील्ड तपासा, आणि मुद्दाम +२० आणि −२० ओर्स्टेडमध्ये थंड करून दोन्ही कर्व्ह शेजारी ठेवा. दोघांचं रूप उलटलं तर उत्तर तुमच्यासमोर आहे, तो खेळ उरलेल्या फील्डचाच होता.

क्युरी-वाईस फिटबद्दल (ससेप्टिबिलिटी आणि तापमानाच्या नात्यावरून आयनचा चुंबकीय मोमेंट काढणं) एकच सांगतो. Dy³⁺ ला १०.६ μ_B (बोर मॅग्नेटॉन, मोमेंटचं एकक) यायला हवेत आणि १५ आले तर नवीन फिजिक्स नाही, Dy₂O₃ मधले दोन डिस्प्रोशियम भागायचे राहिले (√२ चा फरक). Eu³⁺ आणि Sm³⁺ ला सरळ क्युरी-वाईस लावूच नका, तिथे वरच्या लेव्हल्स मिसळतात. आणि ५० केल्विनच्या खाली क्रिस्टल फील्ड (शेजारच्या आयनांचा परिणाम) असताना फिट करून मिळालेल्या थीटावरून (फिटमधलं वाईस तापमान) 'स्ट्राँग अँटिफेरोमॅग्नेटिक' लिहिणं म्हणजे स्वतःची फजिती करून घेणं.

शेवटी रेझिस्टन्स, आणि इथेच सगळ्यात जास्त पेपर पडतात. टू-प्रोबवर (दोनच वायरींनी) मोजलेला मँगनाइट म्हणजे अर्ध्याहून जास्त सिल्वर पेस्टच मोजली असंही होऊ शकतं, चारच वायरी लावा, करंट उलटवून सरासरी घ्या. इन्सुलेटिंग सॅम्पल थंड करताना खाली जाऊन रेषा एकदम सपाट झाली तर ते सॅच्युरेशन नाही, मीटरचा व्होल्टेज लिमिट लागलाय. एकदम शून्य झालं तर सुपरकंडक्टर म्हणण्याआधी व्होल्टेजचा एखादा कॉन्टॅक्ट सुटलाय का ते बघा, करंट आणि व्होल्टेजच्या जोड्या अदलाबदल करून बघा, कारण तडा गेलेल्या पेलेटमध्ये करंट भलत्याच वाटेने जातो. आणि हीटिंग: १०० किलोओहमच्या सॅम्पलमधून १ मिलिअँप म्हणजे १०० मिलिवॅट, होल्डरचा थर्मामीटर २० केल्विन दाखवत राहतो आणि सॅम्पल त्याहून बरंच गरम असतं, रेझिस्टन्स पडतो, आणि लोकं करंटने चार्ज ऑर्डर (इलेक्ट्रॉनची ठरावीक मांडणी) वितळली म्हणून मोकळे होतात, ज्यावर मँगनाइटवाल्यांत भरपूर वाद होऊन गेलेत. करंट दहापट कमी करून कर्व्ह तसाच येतो का बघा, नाही तर छोट्या पल्सने मोजा आणि थर्मामीटर सॅम्पललाच चिकटवा.